दारू एकाएकी तोडल्यानेही माणूस दगावतो : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री, कर्नाटक राज्य, यांस
स. न. वि. वि.

आषाढी जवळ आली की आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, खेड्यांत दारू सोडण्याच्या शपथा होतात. कुणी गळ्यात माळ घालतो, कुणाला घरचेच खोलीत कोंडतात. सोडायची इच्छा खरी असते. पण सकाळपासून पिणाऱ्याने वैद्यकीय मदतीविना एका दिवसात दारू तोडली तर ते जिवावर बेतू शकतं, हे त्या घराला कुणी सांगितलेलंच नसतं.

दारू मेंदूला सुस्त करते. रोजच्या दारूशी झगडत मेंदू कायम ताणलेला राहायला शिकतो आणि दारू थांबली की तो ताण उसळतो. हात थरथरतात, घाम फुटतो. 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, नाडी धावते. उपचार मिळाले नाहीत तर यात मृत्यूही येतो. आमच्याकडे अशा वेळी ‘बाहेरचं आहे’ म्हणून अंगारा लावतात. पाय मोडून दवाखान्यात भरती झालेला माणूस तिसऱ्या रात्री बरळू लागतो, तेव्हाही घरचे लाजेपायी दारूचं नाव काढत नाहीत. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये दुकानं एकाएकी बंद झाली, तेव्हा बेंगळुरूच्या रुग्णालयांत असे गंभीर रुग्ण वाढल्याचं निम्हान्स या तिथल्याच मानसिक आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे. म्हणजे आपल्या खात्याला हे नवीन नाही.

गावात पहिली मागणी असते, ‘सलाईन लावा.’ वर्षानुवर्षं पिणाऱ्याच्या शरीरात ब-1 जीवनसत्त्व, म्हणजे थायमिन, फार कमी असतं. त्याला थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. चालताना तोल जातो, नजर स्थिर राहत नाही, स्मरणशक्ती कायमची जाते. थायमिनचं इंजेक्शन काही महाग नाही.

‘न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिरातींना भुलून बायका चहातून, भाजीतून पूड घालतात. त्यात डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचं औषध असेल आणि वर दारू पोटात गेली, तर रक्तदाब कोसळतो, छातीत धडधडतं, प्रसंगी जीव जातो. हे औषध रुग्णाला सांगूनच द्यायचं असतं. त्या बाईला दोष देऊ नका, तिला दुसरी वाट कुणी दाखवलेली नाही.

2007 मध्ये राज्याने सारायी, म्हणजे स्वस्त देशी दारू, बंद केली. आज 90 मिलीचं पाकीट गावात मिळतं आणि कणकुंबीच्या रस्त्याने गोव्याची स्वस्त दारू येते. दारू दाराशी आणि उपचार धारवाडला, अशी आमची गत आहे. मजुरी बुडवून, भ्रमात असलेल्या माणसाला बसमध्ये घालून कोण नेणार? 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनाशी निगडित मानसिक विकारही येतात, त्यामुळे हा उपचार आमचा हक्क आहे.

म्हणून खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत थायमिन आणि दारू तोडल्यावरची थरथर व फिट आवरणारी डायझेपाम, लोराझेपाम ही औषधं कायम ठेवावीत आणि ती कधी, किती द्यायची याचं प्रशिक्षण डॉक्टरांना द्यावं. कोणत्याही कारणाने भरती होणाऱ्या रुग्णाला ‘शेवटची दारू कधी घेतली?’ हे न दुखावता विचारलं जावं. आशा ताईंना धोक्याच्या खुणा शिकवाव्यात. आणि टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा मोफत क्रमांक व गोळ्यांच्या सूचना कन्नडसोबत मराठीतही लिहाव्यात. रात्री दोन वाजता फिट आलेल्या नवऱ्याजवळ बसलेल्या बाईला त्या वाचता आल्या पाहिजेत. यंदाच्या आषाढीआधी निदान औषधं तरी पोहोचवा.

आपली,
खानापूर तालुक्यातील एक शिक्षिका