आईच्या खुब्याविषयी, दोघांनाही

तीर्थरूप आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

आईच्या उजव्या खुब्याचा सांधा बदलण्याच्या शस्त्रक्रियेसाठी मी पुढच्या महिन्यातली तारीख निश्चित करून घेतली आहे. फोनवर हा विषय निघाला की आई बोलणे गुडघ्यावर नेते आणि बाबा, तुम्ही "तिच्या मनात येईल तेव्हा बघू" म्हणता, म्हणून सविस्तर लिहिते आहे. दोघांनी एकत्र बसून वाचावे. शेवटचा होकार अर्थातच आईचा. पण नकार द्यायचा असेल तर तो सगळे समजून घेऊन द्यावा, एवढीच माझी विनंती आहे.

आई, तुझा गुडघा खरोखरच दुखतो, याबद्दल मला शंका नाही. मात्र खुब्याला संवेदना पुरवणाऱ्या नसांच्याच शाखा गुडघ्याकडेही जातात, त्यामुळे बिघाड वर असला तरी कळ खाली उमटते. तुझ्या गुडघ्याच्या एक्स-रेत वयाला साजेशीच झीज आहे. खुब्याच्या एक्स-रेत मात्र मांडीच्या हाडाचा गोल माथा आणि त्याची खोबण यांच्यामध्ये जी मोकळी पट्टी दिसायला हवी, ती वरच्या बाजूला जवळजवळ नाहीशी झाली आहे. ती जागा खरे तर रिकामी नसते. तिथे कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत, लवचीक आवरण असते, ती एक्स-रेत दिसत नाही इतकेच. ती झिजल्यामुळे आता हाडावर हाड टेकते आहे. पायाची नखे कापायला तू हल्ली बाबांना सांगतेस, त्याचे कारण हेच.

वास्तविक शरीरातल्या अत्यंत भक्कम सांध्यांपैकी हा एक. खांद्याची खोबण उथळ असते, म्हणून खांदा चटकन निखळतो; खुब्याची खोबण खोल असते, तिच्या काठाला कूर्चेची कड असते आणि भोवती तीन बळकट अस्थिबंध, म्हणजे हाडांना हाडे बांधणारे पट्टे असतात. त्यातला पुढचा तर साऱ्या शरीरात सर्वांत मजबूत मानला जातो, आणि सरळ उभे राहिल्यावर तोच ताठ होऊन स्नायूंचे श्रम वाचवतो. माझ्या लहानपणी तू मला ज्या कडेवर घेऊन फिरलीस, ती याच खोबणीच्या हाडाची, म्हणजे श्रोणीची (कमरेच्या हाडाची) वरची कड. कंबर एका बाजूला काढून, एका हाताने मला सावरत दुसऱ्या हाताने दोरीवरचे कपडे काढणारी तू मला अजून जशीच्या तशी दिसतेस. तुझ्या खांद्यावर डोके टेकले की मला लगेच झोप यायची.

आता तुझ्या चालण्याविषयी. एक पाय उचलला की त्या बाजूची श्रोणी खाली कलू नये म्हणून टेकलेल्या पायाच्या खुब्याबाहेरचे स्नायू तिला ओढून धरतात. शरीराचा भार खुब्यापासून लांब आणि या स्नायूंची ओढ खुब्याच्या अगदी जवळ, त्यामुळे त्यांना फार मोठा जोर लावावा लागतो आणि सांध्यावर वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट दाब येतो. हे स्नायू दुबळे झाले की श्रोणी कलते; जर्मन शल्यचिकित्सक ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९५ साली हे लक्षण नोंदवले. उजव्या पायावर येताना तुझे सगळे अंग उजवीकडे झुकते, ते त्या स्नायूंचे काम आणि सांध्यावरचा दाब कमी व्हावा म्हणून. दुखऱ्या पायाचा वापर टळत गेला की स्नायू आणखी बारीक होतात, म्हणूनच थांबण्याने तुझे काहीच भले होणार नाही.

मला खरी धास्ती पडण्याची आहे. या वयात हाडे ठिसूळ असतात, आणि मांडीच्या हाडाच्या माथ्याला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्या त्या माथ्याखालच्या अरुंद भागालगतच, म्हणजे हाडाच्या मानेलगतच, वर जातात. हाडाची ही मान मोडली तर त्याही तुटू शकतात. मग तारीख आपल्या हातात राहत नाही, घाईने शस्त्रक्रिया करावी लागते. खुब्याचा सांधा बदलताना धातूचा माथा आणि पॉलिथिलीनची (एका प्लास्टिकची) खोबण बसवण्याची पद्धत इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी १९६२ साली रूढ करायला सुरुवात केली. तेव्हापासून ती सुधारतच आली आहे. बहुतेकांना दुसऱ्या दिवसापर्यंत वॉकर धरून उभे करतात.

मी आधीपासूनच तिथे येऊन राहीन. हातांची उंच खुर्ची, कमोडवर बसवायची उंच बैठक, पलंगाशेजारी हात पोचेल असा दिवा आणि तुझी मऊ उशी, सगळे तयार असेल. स्वयंपाकाची काळजी तू करायची नाहीस.

बाबा, हे तुमच्याकडे. काठी तिच्या डाव्या हातात द्या, उजव्या नाही. दुखऱ्या खुब्याच्या विरुद्ध हातात धरली तरच सांध्यावरचा भार पुरेसा उतरतो. न्हाणीघराबाहेरची घसरणारी सतरंजी आजच उचला. तिच्या गोळ्यांपैकी एकही स्वतःच्या मनाने बंद करू नका, सगळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवा. आणि आई, सांधा मागच्या बाजूने उघडणार आहेत, त्यामुळे डॉक्टर परवानगी देईपर्यंत गुडघा कमरेच्या वर न्यायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही आणि पडलेली वस्तू वाकून उचलायची नाही. बाबांना हाक मार. त्यांना आवडते ते.

रविवारी फोन करते, तेव्हा दोघेही बोला.

तुमची,
ठकी