"काकू, कोणता फॉर्म निघाला का?"

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पदवीनंतर कोणतं क्षेत्र निवडावं, यावर आपल्या पुरवणीत नुकताच लेख आला होता. आवड ओळखा, कल चाचणी द्या, मग शांतपणे ठरवा, असं त्यात म्हटलं होतं. लेख वाईट नव्हता. पण मी नागपुरात सक्करदऱ्याला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवते, आणि "मला अमुक व्हायचं आहे" असं म्हणत काउंटरशी आलेली पोरं गेल्या सोळा वर्षांत मला बोटांवर मोजता येतील. बाकी सगळ्यांचा प्रश्न एकच असतो. "काकू, कोणता फॉर्म निघाला का?"

आधीच कबूल करते, या फॉर्मांवरच माझं घर चालतं. एका फॉर्मचे पन्नास रुपये घेते, फोटो-सही स्कॅन करायचे वेगळे. म्हणजे हे पत्र लिहून मी माझ्याच गल्ल्यावर घाव घालते आहे. घालू द्या.

2023 चा पावसाळा आठवतो. वनरक्षक, तलाठी, जिल्हा परिषद अशा तिन्ही भरत्या एकामागून एक निघाल्या. प्रत्येकीचं शुल्क खुल्या गटाला 1,000 रुपये, मागासवर्गीयांना 900. तलाठ्याच्या जागा साडेचार हजारांच्या आसपास होत्या, अर्ज आले दहा लाखांवर. दुकानासमोर पायरीपर्यंत रांग होती. त्यात बी.एस्सी. झालेली एक मुलगी होती, तिने तिन्ही फॉर्म भरले. वनरक्षकाला मुलींना 3 किलोमीटर धावावं लागतं, हे पावतीची प्रिंट काढताना मी वाचून दाखवलं तेव्हा तिला कळलं. "धावायचंही असते का?" म्हणाली. मी म्हटलं, जंगल राखायचं आहे बाई, बसून कसं राखशील? दोघी हसलो. पण तिच्या वडिलांचे जवळपास तीन हजार रुपये त्या पावसाळ्यात गेले, आणि आपल्याला यातलं नेमकं काय करायचं आहे हे तिला तिन्ही वेळा कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

दुसरा प्रकार याच्या उलटा. उन्हाळी परीक्षेचा निकाल लागला की घरचे पेढे घेऊन येतात आणि सांगतात, आता पोरीला बी.एड.ला टाकायचं म्हणतो. बी.एड. असो, एम.बी.ए. असो की तीन वर्षांचं एलएल.बी., साधारण सगळ्याला राज्याची सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, लागते. तिची नोंदणी आदल्या हिवाळ्यातच सुरू होते आणि शेवटच्या वर्षाला असलेल्यांनाही ती देता येते. हे सांगितलं की पेढ्याचा खोका हातात घेऊन माणूस नुसता उभा राहतो. एक वर्ष गेलं. मग ते वर्ष रिकामं कसं ठेवायचं, म्हणून लायब्ररी लावायची. आमच्याकडे अभ्यासिकेला लायब्ररीच म्हणतात, आणि ती शिकवणीसारखी 'लावतात'. मानेवाड्यापासून नंदनवनपर्यंत किती निघाल्या आहेत ते रात्री दहानंतर गाड्यांवरून मोजावं.

स्पर्धा परीक्षेला मी नावं ठेवत नाही. माझ्याच काउंटरवर फॉर्म भरून गेलेला एक मुलगा आज नायब तहसीलदार आहे, दिवाळीला येऊन जातो. माझं म्हणणं त्या 38 च्या आकड्याबद्दल आहे. राज्यसेवेला खुल्या गटाची वयोमर्यादा 38, मागासवर्गीयांना 43. गरिबाघरच्या, उशिरा शिकलेल्या मुलांसाठी ही सवलत हवीच. पण घराघरात तिचा अर्थ "वय आहे अजून" असा झाला आहे. यूपीएससीला खुल्या गटात निदान सहाच वेळा बसता येतं, सातव्यांदा दार आपोआप बंद होतं. राज्यसेवेचं दार कधी बंद करायचं हे घरच्यांनीच ठरवावं लागतं, आणि तो विषय जेवताना कोणी काढत नाही.

माझा भाचा बी.एस्सी. रसायनशास्त्र. बावीस ते एकोणतीस, सात वर्षं लायब्ररी. दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत पोहोचला. मग पर्याय निवडायची मुख्य परीक्षा वर्णनात्मक, म्हणजे लिहून उत्तरं द्यायची, होणार असं ठरलं (2025 पासून ती झालीही) आणि गोळे काळे करायची सवय झालेला हात निबंधाला वळेना. आज बुटीबोरीला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहे. काम त्याला आवडतं, हे विशेष. फक्त ज्याच्या हाताखाली तो आहे, तो कॉलेजात त्याच्या मागच्या बॅचला होता. मी एकदा विचारलं, वाईट वाटतं का रे? तो म्हणाला, "अभ्यास वाया गेला असं नाही म्हणत मी, मावशी. पण तिसऱ्या वेळेनंतर मी अभ्यास कमी करत होतो, अन् घरी काय सांगायचं त्याचाच विचार जास्त." बुटीबोरी त्याला ठाऊक नव्हती असंही नाही. चौदाव्या वर्षापासून वर्धा रोडने जात-येत होता. आत काय चालतं, हेच पाहिलं नव्हतं.

माझा खरा राग इथे आहे. आपलं गाव म्हणजे काही आडवळणाचं खेडं नाही. पर्यावरणावर संशोधन करणारी नीरी इथे, केंद्रीय कापूस संशोधन संस्था इथे, लिंबूवर्गीय फळांची संशोधन संस्था इथे, मातीचं सर्वेक्षण करणारं राष्ट्रीय कार्यालय अमरावती रोडला. भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालय, कोळसा काढणारी वेकोलि आणि मँगनीज काढणारी मॉईल या कंपन्यांची मुख्यालयं, देशभरातले अग्निशमन अधिकारी जिथे तयार होतात ते राष्ट्रीय महाविद्यालय, सगळं नागपुरात. भूगर्भशास्त्र घेतलेला मुलगा सिव्हिल लाइन्समधून खाण ब्यूरोवरून रोज जातो, आणि माझ्याकडे येऊन लिपिकाचा फॉर्म निघाला का विचारतो. या सगळ्या ठिकाणी नोकऱ्या वाटत बसले आहेत असं मी म्हणत नाही. पण आपल्या विषयाचं काम करणारा माणूस दिवसभर कसा दिसतो, काय करतो, हे वीस वर्षांच्या पोराने एकदा तरी बघायला नको? सहल मात्र दरवर्षी पाण्याच्या पार्कात जाते.

यावर तोडगा म्हणून नव्या शैक्षणिक धोरणात ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी शिकणं, आलं, पोरं त्याला ओजेटी म्हणतात. एम.कॉम.च्या अभ्यासक्रमात त्याचे चक्क 4 क्रेडिट आहेत. त्याचं काय झालं तेही माझ्याच काउंटरवर पाहिलं. एम.कॉम.ची तीन पोरं आली. म्हणाली, "काकू, तुमच्या दुकानाच्या शिक्क्याचं सर्टिफिकेट देता का? मॅडम म्हणाल्या कुठलंही चालते." मी म्हटलं देते, पण रोज चार तास बसावं लागेल. दोघं गेली. एक जण थांबला, महिनाभर बसला, माझे जीएसटीचे कागद त्याने लावून दिले. चार वर्षांपासून मी जे अकाउंटंटला चुकीचं सांगत होते, ते त्याने आठवड्यात काढलं. जाताना म्हणाला, मला वाटत होतं मला टॅक्स आवडत नाही, पुस्तकच आवडत नव्हतं.

ॲप्रेंटिसचंही, म्हणजे शिकाऊ उमेदवारीचंही, असंच. ते आयटीआयवाल्यांसाठी असतं, अशी सर्वांची समजूत. कायदा 1961 चा आहे आणि बी.ए., बी.कॉम. झालेल्यांनाही आता त्यात घेता येतं. तो फॉर्म माझ्याकडे वर्षाला चार-पाच जण भरतात. 2024 मध्ये सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना महिना 10,000 रुपये जाहीर केले, तेव्हा मात्र झुंबड उडाली. तिथेही पहिला प्रश्न, "पर्मनंट करते का?"

एक प्रसंग सांगते. मागच्या वर्षी एक मुलगा बायोडाटा टाइप करायला आला. नाव, पत्ता, बी.ए., टक्के. 'अनुभव' या ओळीशी थांबला. "निल लिहा." मी विचारलं, चार वर्षं काय करत होता रे? म्हणाला, "काही नाही, बाबांचं मंडप डेकोरेशन आहे, तेच पाहून राहिलो." खोदून विचारलं. लग्नसराईत एका दिवशी तीन ठिकाणी मांडव, वीस-बावीस मजूर, बुकिंग, ॲडव्हान्स, ट्रकवाल्यांचा हिशेब, पाऊस आला तर काय करायचं, सगळं हाच बघायचा. मी म्हटलं, हा अनुभव नाही? तर लाजला. "ते काय काम आहे का काकू, ते तर घरचंच आहे." मी स्वतः बसून सात ओळी लिहिल्या. टाइपिंगचे पैसे घेतले नाहीत, हेही सांगून टाकते. मुलाखतीत सगळं बोलणं मांडवावरच झालं म्हणे. ती नोकरी मिळाली नाही. पण नंतर तोच कागद घेऊन तो दुसरीकडे गेला, आणि 'निल' पुन्हा लिहायला सांगितलं नाही.

या हिवाळ्यापासून मी दुकानाबाहेर एक फळा टांगला आहे. त्यावर सीईटीच्या नोंदणीच्या शेवटच्या तारखा आणि ॲप्रेंटिसच्या पोर्टलचं नाव खडूने लिहिते. खाली एक ओळ आहे: फॉर्म भरण्याआधी जाहिरात पूर्ण वाचा, आत बसून वाचायचे पैसे नाहीत. फॉर्म थोडे कमी झाले आहेत, बाकावर बसणारे वाढले आहेत. अडचण एवढीच की फळा रस्त्याच्या कडेला आहे, धुळीने दोन दिवसांत अक्षर दिसेनासं होतं आणि गाई अंग घासतात. शहरातल्या महाविद्यालयांनी शेवटच्या वर्षाच्या वर्गाबाहेर, छताखाली, असाच एक फळा दिवाळीनंतर लगेच लावावा. तारखा मी पाठवीन.

आपली,
एक झेरॉक्सवाली काकू,
सक्करदरा, नागपूर