चि. मुक्तास पत्र: कर्नलमधल्या कॉमेंट्स तपासताना

म्युनिक

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

लिनक्स कर्नलच्या, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, मेमरी मॅनेजमेंटमधल्या कॉमेंट्स (कोडशेजारच्या टिपा) तपासायला घेतल्यास, हे ताईकडून कळलं. स्पेलिंगच्या चुकांत अडकू नकोस. तिथली कॉमेंट हा फंक्शन वापरणाऱ्याशी केलेला करार असतो: कुठलं लॉक (अनेकांनी एकाच वेळी डेटा बिघडवू नये म्हणूनचं कुलूप) धरायचं, किती मेमरी मागता येईल, नाही मिळाली तर परत काय येईल.

मॅक्स_ऑर्डर या मॅक्रोचंच, म्हणजे कोडमध्ये आकड्याला दिलेल्या नावाचंच, बघ. बडी अ‍ॅलोकेटर, म्हणजे कर्नलचा मेमरी वाटणारा भाग, पेजेस (मेमरीचे ठरावीक आकाराचे तुकडे) दोनाच्या घातांकात देतो; तो घातांक म्हणजे ऑर्डर. ऑर्डर १० म्हणजे १,०२४ पेजेस, ४ केबीच्या हिशेबाने ४ एमबी. या मॅक्रोची किंमत बहुतेक ठिकाणी ११ असायची, पण ऑर्डर ११ मागता यायची नाही, कमाल १०च. नावावरून मात्र वाटायचं की ११ हीच कमाल. त्यामुळे जिथे '<' हवं तिथे '<=' पडलं, आणि एकाने चुकलेले हिशेब कर्नलमध्ये ठिकठिकाणी सापडले. २०२३ मध्ये ६.४ आवृत्तीत किंमतच १० केली, म्हणजे १० धरून. नाव तेच ठेवल्याने बाहेरचा जुना कोड मुकाट्याने कंपाइल व्हायचा आणि अर्थ बदललेला असायचा. ६.८ मध्ये मॅक्स_पेज_ऑर्डर असं नाव दिलं, तेव्हा कुठे असा कोड बिल्डलाच अडू लागला. कॉमेंटमध्ये 'कमाल' दिसलं की पहिला प्रश्न हाच: धरून की सोडून?

लॉकचं प्रकरण जास्त फसवं. प्रोसेसच्या मेमरीचा नकाशा सांभाळणाऱ्या लॉकचं नाव ५.८ मध्ये एमएमॅप_सेमचं एमएमॅप_लॉक झालं. गिट ग्रेपने (कोडमध्ये शब्द शोधणाऱ्या कमांडने) जुनं नाव शोधून नवं टाकलं की काम झालं, असं नवशिक्यांना वाटतं. पण ६.४ पासून काही पेज फॉल्ट (हवं ते पेज जागेवर नसल्याने कर्नलकडे येणारी मागणी) नुसत्या त्या व्हीएमएच्या, म्हणजे नकाशातल्या त्या एका पट्ट्याच्या, लॉकवर निभावतात. म्हणजे 'एमएमॅप_लॉक धरलेलं असतं' हे वाक्य नाव बरोबर असूनही खोटं असू शकतं. फंक्शनला कोण कोण बोलावतं ते उलटं चढत जाऊन बघ. लॉक खरंच नेहमी हवं असेल, तर कॉमेंटपेक्षा एमएमॅप_असर्ट_लॉक्ड ही लॉक धरलंय का ते तपासणारी ओळ बरी. डीबग बिल्डमध्ये ती स्वतःच ओरडते.

/** ने सुरू होणाऱ्या कॉमेंट्सवर, ज्यांतून कर्नलचे दस्तऐवज तयार होतात, कर्नल-डॉक स्क्रिप्ट -नन देऊन (नुसती तपासणी करायला) चालव, किंवा मेकला डब्ल्यू=१ दे. पॅरामीटरचं नाव जुळत नसेल, वर्णन राहिलं असेल, तर इशारा येतो. साधी कॉमेंट चुकून दोन तारकांनी सुरू केली तरी येतो. अर्थ चुकलेला मात्र स्क्रिप्टला कळत नाही. 'कॉन्टेक्स्ट' हा भाग बरेच जण गाळतात. आत मेमरी मागताना जीएफपी_कर्नल हा पर्याय दिला असेल तर फंक्शन झोपू शकतं, म्हणजे मेमरीची वाट बघत थांबू शकतं, ते इंटरप्टमधून बोलावायचं नाही, हे तिथेच लिहायला हवं.

'रिटर्न'मध्ये 'अपयश आल्यास एरर' एवढंच चालवून घेऊ नकोस. फाइलचं मेमरीत ठेवलेलं पान शोधणारं फाइलमॅप_गेट_फोलिओ, ते न सापडल्यास, ६.४ पूर्वी नल (रिकामा पत्ता) द्यायचं, आता एरर पॉइंटर (पत्त्याच्या रूपातला एररचा आकडा) देतं. जुनी कॉमेंट वाचून कुणी नुसता नल तपासला, तर एरर पॉइंटर त्यातून सुटतो आणि पुढच्या ओळीला तोच पत्ता समजून वापरला जातो.

कॉमेंटचा पॅच (पाठवायचा बदल) कोडच्या पॅचपासून वेगळा ठेव. कुठल्या कमिटमुळे (नोंदलेल्या बदलामुळे) ती कॉमेंट खोटी ठरली, ते गिट ब्लेमने, म्हणजे कुठली ओळ कुठल्या बदलात आली ते दाखवणाऱ्या कमांडने, शोधून पॅचच्या संदेशात लिही, नाहीतर तो भाग सांभाळणारे मेंटेनर पहिलं तेच विचारतील.

ताईला आणि भावोजींना नमस्कार.

तुझी,
मावशी