भिजलेला गालिचा टाकण्याआधी तपासा

महोदय,

हिंदमाता, किंग्ज सर्कल, शीव, मिलन सबवे या भागांत पाणी भरल्याची छायाचित्रे दर पावसाळ्यात आपल्या दैनिकात येतात. पाणी ओसरल्यानंतर तळमजल्यावरची कार्यालये, वाचनालये, दवाखाने आणि मंगल कार्यालये यांच्या दाराशी गुंडाळलेल्या ओल्या गालिच्यांचे जे ढीग लागतात, त्यांची मात्र बातमी होत नाही. गालिचे धुण्याच्या आणि रफूच्या व्यवसायात माझी हयात गेली असल्याने ते माझ्या नजरेतून सुटत नाहीत. त्यांतले कितीतरी गालिचे वाचण्याजोगे असतात. उलट जे खरोखरच टाकायला हवेत, ते गच्चीच्या कठड्यावर वाळवून पुन्हा अंथरले जातात. दोन्ही निर्णय कोणतीही तपासणी न करता घेतले जातात, म्हणून हा पत्रप्रपंच.

तपासणीत पहिला प्रश्न पाण्याचा असतो, गालिचा त्यानंतर येतो. नळाची जोडणी फुटून आलेले पाणी, वॉशिंग मशीनमधून सांडलेले पाणी आणि रस्त्यावरून आत शिरलेले पाणी यांना एकाच मापाने मोजता येत नाही. या व्यवसायातले जाणकार पाण्याचे स्वच्छ, दूषित आणि अतिदूषित असे तीन वर्ग करतात, आणि स्वच्छ पाणीही दोन दिवस मुरले तर खालच्या वर्गात गेले असे मानतात. मुंबईच्या रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यात गटार, मैला आणि उंदीर-घुशींचे मूत्र मिसळलेले असते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, त्यानंतर शहरात अशाच मूत्रमिश्रित पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाची साथ पसरली होती. अशा पाण्यात बुडालेले भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेले कार्पेट आणि त्याखालचा फोम ही चर्चेची बाब नाही. कितीही शॅम्पू केला तरी ते पुन्हा वापरू नये. हाताने गाठी मारून विणलेला लोकरी गालिचा मात्र उचलून नेऊन आरपार धुता येतो आणि निर्जंतुकही करता येतो, त्यामुळे त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

तो विचार गालिच्याचा कोपरा उलटून सुरू होतो. मागच्या बाजूला पुढचीच नक्षी गाठीगाठींतून दिसत असेल, तर तो हातविणीचा. मागे जाड कापड डिंकासारख्या लेटेक्सने चिकटवलेले असेल, तर तो टफ्टेड, म्हणजे गाठी न मारता कापडात धागे टोचून बसवलेला. टफ्टेड गालिच्याचे दोन थर चिमटीत धरून हलकेच ओढावेत. ते सुटे होत असतील, तर पाण्याने चिकटवण निकामी केले आहे आणि धुलाईने ते परत येणार नाही. हातविणीच्या गालिच्याचा ताणा-बाणा बहुधा सुती असतो आणि बरेच दिवस ओल राहिली की सूत कुजते. कोपरा कानाजवळ नेऊन सावकाश दुमडला आणि बारीक कटकट ऐकू आली, तर आतले सूत तुटते आहे असे समजावे. हा आवाज थोड्याच भागात येत असेल, तर नवे सूत घालून रफू होतो; सगळीकडे येत असेल, तर खर्च गालिच्याच्या किमतीवर जातो, आणि हे ग्राहकाला धुलाईआधीच सांगायला हवे. रंगाची परीक्षाही तिथल्या तिथे होते. पांढऱ्या सुती कापडाची ओली घडी प्रत्येक रंगावर, विशेषतः लाल आणि गडद निळ्यावर, काही वेळ दाबून धरावी. कापडावर रंग उतरला, तर त्या गालिच्याला धुण्याची वेगळी पद्धत लागते. तागाची पाठ असलेल्या कार्पेटवर वाळताना तपकिरी डाग वर येतात. ती घाण समजून त्यावर आणखी पाणी मारले की डाग वाढतात.

वाळवण्याबाबत आपल्याकडे सर्वाधिक गोंधळ आहे. भिजल्यापासून चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत बुरशी धरू लागते, त्यामुळे घाई हवीच. पण जुलैतल्या मुंबईच्या हवेत आर्द्रता बहुतेक वेळ ऐंशी टक्क्यांच्या वर असते. अशा वेळी खिडक्या सताड उघडून पंखे लावणे म्हणजे बाहेरची ओल घरात बोलावणे होय. खिडक्या बंद करून, हवेतली ओल खेचणारे डीह्युमिडिफायर यंत्र आणि पंखे एकत्र चालवावे लागतात. ओला गालिचा कठड्यावर टांगू नये, कारण स्वतःच्याच वजनाने त्याचा ताणा तुटतो. तसेच हात लावून ‘कोरडा झाला’ असे ठरवू नये. लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओल पोटात घेते आणि तरीही हाताला ओली लागत नाही. ओल मोजण्याच्या मीटरने गालिचा, त्याखालची फरशी किंवा लाकूड आणि त्याच खोलीतली न भिजलेली जागा अशी तुलना करूनच तो परत अंथरावा. लोकरीवर ब्लीच वापरणाऱ्याला तर उंबरठाही ओलांडू देऊ नये. ब्लीचने लोकर अक्षरशः विरघळते.

माझी विनंती मुख्यतः संस्थांच्या कार्यकारिणींना आहे. ‘चौरस फुटाला इतके’ अशी दरपत्रके मागवण्याआधी पाणी कोणत्या वर्गाचे होते, ते किती तास साचले, गालिच्याची वीण कोणती, रंग टिकतो का आणि कोणता भाग वाचवण्याजोगा आहे, याचे एक पानी लेखी टिपण ठेकेदाराकडून घ्यावे आणि ते वाचल्यावरच काम द्यायचे की नवा गालिचा घ्यायचा हे ठरवावे. सभासदांच्या वर्गणीतून होणाऱ्या खर्चासाठी एवढी अपेक्षा जास्त नाही. घरच्या गालिच्यांसाठी, 1 एप्रिल 2021 पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ विम्यात पूर आणि पाण्याच्या टाक्या किंवा नळ फुटणे ही दोन्ही कारणे येतात, हे पॉलिसी घेतलेल्यांनाही अनेकदा ठाऊक नसते. विमा असेल, तर आधी कंपनीला कळवावे, गालिचा जागेवर असतानाच पुढून आणि मागून छायाचित्रे काढावीत, आणि आरोग्याच्या कारणास्तव तो लगेच टाकावाच लागला, तर कंपनीला तसे लेखी कळवून पाठीसकट हातभर तुकडा कापून प्लास्टिकच्या बंद पिशवीत सर्वेक्षकासाठी ठेवावा.

आपला,
एक वाचक,
माटुंगा, मुंबई