अण्णांची दुनळी

लष्कर, ग्वाल्हेर
रविवार, रात्र

प्रिय बाळ्या,

आधी मनसोक्त शिव्या घालून घे. काकूंच्या तेराव्याला येतो म्हणालो, आलो नाही, आणि नंतर दोन वर्षं तोंड लपवून बसलो. गुडघा तसाच, साखर गोळीवर, ही बरी आहे. झालं.

अण्णांची दुनळी बंदूक दुरुस्त होऊन आली. हे तुझ्याशिवाय सांगू कोणाला?

निवडणुकीत ठाण्यात जमा केली होती, ती गंज घेऊन परतली. दादाच्या मुलाने मला न विचारता बाहेरगावच्या एका कारागिराकडे दिली. परवा खोकं उघडून म्हणतो, "काका, एकदम नवी!" घरभर वा वा. मला मात्र कोणीतरी अण्णांचे केस काळे करून त्यांना ओट्यावर बसवलंय असं वाटलं.

रात्री एकटाच घेऊन बसलो. (ही म्हणाली, माझ्यासाठी कधी जागला नाहीत.) नळ्या, बॉडी आणि पुढचं लाकूड, तिन्हींवर नंबर एकच. म्हणजे अदलाबदल नाही, बंदूक आपलीच. नळ्यांच्या पोटाशी बर्मिंगहॅमचे शिक्के, त्यात मुकुटाखाली 'एनपी', म्हणजे धूर न करणाऱ्या दारूसाठी तपासलेली. हा शिक्का 1904 पासून 1954 पर्यंतचा. आणि अण्णा काय सांगायचे? 1903 च्या दिल्ली दरबाराच्या वेळी आजोबांना मिळाली! जुनी बंदूक पुन्हा तपासून घेतली असती तर आधीचे शिक्के, मुकुट आणि आडवे-तिडवे राजदंड, शेजारी दिसले असते. ते नाहीत. निदान एका वर्षाची थाप आहे. हस, मीही हसलो.

मग हसू गेलं. नळीतून दिव्याकडे पाहिलं तर आत आरसा. पोरगं खूश. अरे, आत गंजाचे खड्डे होते ना? ते भरून येत नाहीत, भोवतालचं पोलाद घासून त्यांच्या पातळीला आणावं लागतं. खड्डे गेले म्हणजे तेवढी नळी गेली. एकाकडून जाडी मोजून घेतली. अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेली तर जाणकार हात लावत नाहीत; आपली उजवी एका जागी नेमकी तिथेच आहे. वर लिहिलेलं बनवणाऱ्याचं नाव आधी नखाला लागायचं, आता अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या झिजल्यात. दस्त्याचं लाकूडही घासलंय. मूळ काम करणारा लाकूड धातूपेक्षा केसभर उंच ठेवतो. इथे धातूच वर आलाय. स्क्रूंच्या खाचा पूर्वी सगळ्या एका रेषेत उभ्या असत, आता एक पूर्वेला बघतो, एक पश्चिमेला, आपल्या जुन्या वर्गासारखं.

सगळ्यात भीती त्या काळ्या रंगाची. जुन्या दुनळीला हळूहळू गंज चढवून, उकळून, घासून काळं करतात, दिवसच्या दिवस लागतात. हे घाईचं काम वाटतं, उकळत्या क्षाराच्या हौदात बुडवल्याचं. दोन नळ्यांमधली पट्टी मऊ डाकाने, म्हणजे शिसं-कथील वितळवून, बसवलेली असते, क्षार तोच डाक खातो आणि पट्टीखाली दडून राहतो. नळ्या दोऱ्याने टांगून नखाने वाजवल्या. माठ घेताना तुझी आई वाजवायची तशा. टण्ण यायला हवं होतं. आलं खट्, म्हणजे बहुतेक डाक सुटलाय.

तू म्हणशील, टांगून ठेव की भिंतीला, उडवायची कोणाला आहे? पोराला उडवायची आहे. बहिणीच्या लग्नात. लग्नात आनंदाने गोळ्या झाडायच्या त्या हर्ष फायरिंगला 2019 पासून दोन वर्षांपर्यंत कैद आहे, हे सांगून झालं. ही बंदूक 65 मिलिमीटर लांब काडतुसाची आणि तो 70 ची आणायला निघालेला, हेही सांगून झालं. तो म्हणतो, काका, तुम्ही घाबरता. घाबरतो! बंदुकीचे घोडे मी काढून कपाटात ठेवलेत, कुलूप लावून. कोणाला बोलू नकोस.

बरं, तुझ्या मुलीचं ठरलं म्हणे? मुलगा काय करतो? पुण्याचं घर मिळालं का अजून बिल्डरच्याच घशात? तिळाची गजक पाठवतोय, इथल्या महाराज बाड्यावरून.

खरं कारण आता लिहितो. दस्त्यावरची ती नखाएवढी खाच गेली. आपण गच्चीवरून पाडली होती ती. मेण आणि बुटाचं पॉलिश भरून तू लपवलीस, आणि अण्णांनी शेवटपर्यंत पाहून न पाहिल्यासारखं केलं. नुसता पोचा असता तर ओलं फडकं आणि गरम इस्त्रीने तंतू फुगून वर आला असता; पण तिथे तंतूच तुटले होते, म्हणून घासून काढली. चाळीस वर्षं तू म्हणतोस मी पाय घातला, मी म्हणतो तुझ्या हातून सुटली. तू डावरा, दस्ता डाव्या गालाला लावायचास. खाच ज्या बाजूला होती त्यावरून भांडण मिटलं असतं.

तुला आठवतं का, उजवीकडे होती की डावीकडे? खरं सांग, माझ्या बाजूने नको सांगूस.

तुझा,
श्री