तंबू अजून पडवीतच आहे

वाठार,
श्रावण शुद्ध तृतीया

प्रिय सुऱ्या,

सप्रेम नमस्कार.

हे फोनवर सांगण्यासारखं नाही म्हणून कागद घेतला. फोनवर तू मध्येच हसतोस आणि विषय कुठल्या कुठे जातो. घरी सगळे खुशाल. आईची शुगर काबूत आहे, अण्णांचा गुडघा आहे तसाच.

आता ऐक. यंदा पंढरपुरात आपला वारीचा तंबू उतरवला तेव्हा अण्णा घडीला आले नाहीत.

पौर्णिमेला गोपाळपूरचा काला करून आम्ही ६५ एकरातल्या तळावर परत आलो. माणसं जेवली, भांडी ट्रकात चढली, ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. पोरांनी तणावे सैल केले, कनाती सोडल्या, मेखा उपटल्या. आता अण्णा धोतर खोचून येणार आणि ओरडायला सुरुवात करणार म्हणून मी वळून बघतो, तर ते आचाऱ्याच्या चुलीपाशी चहाचा पेला घेऊन बसलेले. मला म्हणाले, "घ्या रे उरकून तुम्हीच."

उरकून! अण्णांच्या तोंडी, तंबूसाठी! तिथे चाळीसेक माणसं होती, एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, आत्ता सुऱ्या हवा होता. वाल्ह्याच्या तळावर तुला आठवतंय ना, पालखी निघायची वेळ झाली तरी घडीत एक खडा राहिला म्हणून त्यांनी बांधलेला अख्खा तंबू पुन्हा उलगडायला लावला होता? (तो खडा तुझ्याच बाजूचा होता. तू काहीही म्हण.)

आदल्या रात्री पावसाने झोडपलेलं. ओलं कॅनव्हास किती जड होतं ते तुला सांगायला नको. खाली ताडपत्री अंथरली, केरसुणीने चिखल झाडला, दोन्ही कडा मधल्या शिवणीवर आणल्या. मी माझी कड गेल्या वर्षीच्या घडीपासून चार बोटं सोडून धरली, अण्णांनी शिकवलं तशी. दर वर्षी त्याच रेघेवर मोडलं की कापड तिथेच विरतं आणि एक दिवस घडीवरच टरकतं. पण समोर दादाचा थोरला होता. त्याने बरोबर जुन्या रेघेवर धरलं. ताकद भरपूर आहे पोरात, मनापासून ओढतो. घडी तिरकी गेली. मी थांब म्हणेपर्यंत दुसऱ्याने गुडघा रोवून गुंडाळायला सुरुवात केली होती, आणि तीही तोंडाकडून. वारा आत कोंडला. जी वळकटी आपण दोघं ट्रकच्या फाळक्यावर चढवायचो, ती उशीसारखी फुगली आणि चौघांना आवरेना. वर मेखांचं पोतंही कुणीतरी आतच सारलेलं. घरी येऊन उलगडलं तर पांढऱ्या कापडावर गंजाचे तांबडे ठसे.

आणि तेव्हापासून ऊन म्हणून नाही. आषाढात या गावाला सूर्य दिसतो का कधी? पडवीत आडव्या वाशांवर थोडा थोडा करून पसरतो, बाजू पालटतो. एका कोपऱ्यात बुरशीचे काळे ठिपके धरलेत. काकू साबण घेऊन धावली होती, तिला अडवलं. साबणाने कापडाची पाणी अडवायची ताकद जाते. कोरड्या ब्रशने झाडलं, तेवढं निघालं. बाकी तसंच.

पण खरी गोष्ट पुढेच आहे.

सुकवायला सोपं जावं म्हणून दादाने छताची मधली दोरी कड्यांतून ओढून काढली आणि दोन भाग वेगळे टांगले. ठीक आहे, त्यासाठीच ती दोरी आहे. टांगून झाल्यावर मात्र तो म्हणाला, "तसेही दोनच तुकडे आहेत. एक तुमच्याकडे राहू दे, एक आमच्याकडे." पोरं हसली. अण्णा हसले नाहीत. उठून गोठ्यात गेले.

सुऱ्या, तात्या गेल्यावर आमच्यात आणि दादा-काकूंच्यात सगळ्याची वाटणी झाली, तुला माहीतच आहे. रान झालं, विहिरीच्या पाळ्या झाल्या, बांधावरच्या आंब्याचीसुद्धा झाली. तंबूचं नाव कुणी काढलं नाही. मला वाटत होतं, ते मुद्दाम काढलं नव्हतं.

दादा वाईट नाही, हे मी तुला आधीच सांगतो, नाहीतर तू लगेच बाह्या सारशील. त्याचं म्हणणं असं, की पुढल्या वर्षी मंडपवाल्याला ठेका द्यावा. त्याची माणसं पुढे जाणार, मुक्कामावर प्लास्टिकचा तयार तंबू उभा मिळणार, सकाळी तीच उतरवणार. ट्रकात जागा मोकळी होते, पावसाळाभर वाळवत बसायला नको. शिवाय म्हणतो, आपली पोरं पहाटे काकडा सोडून मेखा उपटत बसतात, ती वारीला आलीत की हमालीला? हे शेवटचं मला लागलं, कारण त्यात थोडं तथ्य आहे. आपणही नेहमी पालखीच्या मागे राहायचो. पण मला वारीतलं जे आठवतं त्यात त्या मेखा पहिल्या आहेत. दिवे घाट नंतर.

प्लास्टिकचं म्हणशील तर नातेपुत्याला एक रात्र शेजारच्या दिंडीत झोपलो होतो. बाहेर पाऊस नव्हता तरी पहाटे वरून थेंब. आपल्याच श्वासाचं पाणी. आपल्या कॅनव्हासचा धागा भिजला की फुगतो आणि भोकं आपली आपण बुजतात. आतून बोट लावलं नाही म्हणजे झालं. लोणंदला कुणी बोट लावलं होतं आणि विणेकरी बुवांच्या पांघरुणात रात्रभर कसली धार लागली होती, ते मी बुवांना अजून सांगितलेलं नाही.

आणि अर्धा तंबू घेऊन करायचं काय? आढं एक, मधले खांब दोन. ते कुणाकडे ठेवायचे? अर्ध्या छताखाली बाजरी वाळत घालता येईल, माणसं निजवता येणार नाहीत. मी हे बोललो तर दादा म्हणाला, तू भावनेच्या भरात बोलतोस. मग काकूच बोलली. स्वतःच्या लेकाला म्हणाली, "अंकलीच्या शितोळे सरकारांकडे माउलींच्या तंबूची सेवा आहे. त्यांच्यात कधी वाटण्या झाल्या नसतील? तंबू फाडला का कुणी?" दादा गप्प.

रात्री भांडी घासताना काकूने मला वेगळंच सांगितलं. हा विषय दादाने वाखरीतच काढला होता, रिंगणाच्या आधी, अण्णांजवळ एकट्याने. अण्णांनी ऐकून घेतलं आणि फक्त "बघू" म्हणाले. म्हणजे पंढरपुरात ते चुलीपाशी बसले ते गुडघ्यामुळे नव्हे. मी आपला घरी आल्यापासून त्यांना तेल चोळून देतोय.

त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. अण्णा भांडले असते तर बरं होतं. तू त्यांचं भांडण पाहिलंयस, दुपारपर्यंत निवतं. हे असं सोडून देणं त्यांना शोभत नाही, आणि कुणी विचारायलाही जात नाही. मी एकदा विचारलं. म्हणाले, "चार कोपऱ्यांना चार माणसं लागतात. तात्या गेला, सुऱ्या बडोद्याला. आता कुणाला ओरडू?" एवढंच बोलून वैरण घालायला गेले. माझं नाव घेतलं नाही, म्हणजे मी अजून धरलेला कोपरा सोडलेला नाही असं मी समजतो.

तेव्हा तू ये. अगदी मनापासून मागतो आहे. दादा माझं ऐकत नाही, मी धाकटा. तुझं ऐकतो. त्याच्या लग्नात मामाला स्टेशनवरून तू आणलंस हे तो अजून सांगतो. त्याला एवढंच पटव, की ठेका द्यायचा तर दे, मी आड येत नाही, पण छत जोडून एका जागी राहू दे. आमच्या माळ्यावर नको असेल तर त्यांच्या माळ्यावर. उंदीर लागू नयेत म्हणून कडुनिंबाचा पाला मी घालीन. परवा नागपंचमी, त्यानंतर उघडीप मिळेल असा रंग दिसतोय. खळ्यावर दोन दिवस कडक ऊन लागलं की घडी घालायला हरकत नाही. तू समोरचा कोपरा धरलास तर अण्णा चुलीपाशी बसून राहतील असं मला वाटत नाही. तुझं गुंडाळणं बघून तर नक्कीच उठतील.

येताना जाड सुती दोरा आण, मेण लावलेला. दाभण आहे. कड्यांजवळ दोन ठिकाणी शिवण उसवली आहे.

तुझ्या लेकीच्या बारावीचं कळलं, फार आनंद झाला, तिला माझ्याकडून पेढे दे, पैसे मी देतो. काकींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? वहिनींना नमस्कार. नव्या जागेचा पत्ता नीट लिहून पाठव, मागचं पत्र परत आलं होतं.

साताऱ्याला उतर, मी मोटरसायकल घेऊन स्टँडवर येतो. सुट्टी मिळत नसेल तर शनिवार-रविवार धरून ये, पण पोळ्याच्या आत ये. पुढे गौरी-गणपतीत कुणाला वेळ नाही.

तुझा,
विज्या