पिस्तूल कोणतं, ते नंतर बघू

सांगली,
रविवार, रात्री

चि. सौ. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

फोन मी आपटला नाही, इकडचं नेट गेलं. आवाज चढला होता हे खरं. आई स्वयंपाकघरातून डोकावली तेव्हा तिला म्हटलं, पतसंस्थेच्या व्याजावरून सुनीलशी वाद चाललाय. रुग्णालयाच्या पार्किंगमध्ये त्या माणसाने तुला घाबरवलं, ते तिला काही माहीत नाही. डॉक्टरांनी परवाच बीपीची गोळी वाढवलीय, त्यामुळे दादाजवळही बोलू नकोस. त्याच्या पोटात काही राहत नाही, तुला ठाऊक आहे.

तू सरळ प्रश्न विचारला होतास, 'अण्णा, सिग घेऊ का ग्लॉक?' पोलीस मुख्यालयाच्या कोतात, म्हणजे शस्त्रागारात, आख्खी नोकरी काढलेल्या माणसाला लेकीने असा प्रश्न विचारावा, म्हणजे खरं तर छाती फुगायला हवी. फुगलीही थोडी. पण लगेच तुझ्या गाडीच्या काचेशी उभा राहिलेला तो माणूस डोळ्यांसमोर आला, मग तुझा छोटा ओम आला, आणि मी भलतंच बोलत सुटलो. आता शांत बसून लिहितो. आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर, ओमचं नंतर.

सिग पी३६५ नेटवर पाहिलं. २०१८ साली आलेलं मॉडेल, वजन अर्धा किलोच्या आसपास, मॅगझिनमध्ये दहा गोळ्या. एवढ्याशा जागेत ९ एमएमच्या दहा गोळ्या बसवणाऱ्या कारागिराला मानलं. आमचं इशापूरचं ९ एमएम तेरा गोळ्यांचं, पण ते कमरेला लावलं की साहेब लोक एका अंगाला झुकून चालायचे. ग्लॉक १९ सिगपेक्षा मोठं, पंधरा गोळ्यांचं, रिकाम्या मॅगझिनसकट पावणेसातशे ग्रॅमच्या आसपास. लपवायला सिग सोपं, चालवायला ग्लॉक सोपं. बाईमाणसाला छोटं पिस्तूल बरं, असं दुकानदार सांगतात ते चूक. वजन कमी आणि मूठ आखूड असली की झटका सगळा मनगटावर येतो. त्या दुकानदाराने तुला गुलाबी मुठीचं पाच गोळ्यांचं रिव्हॉल्वर दाखवलं ना, ते तर मुळीच नको. चारशे ग्रॅमचं हत्यार, चाप इतका जड की ओढता ओढताच नेम हलतो, आणि झटका असा की दोनदा सरावाला जाशील आणि तिसऱ्यांदा कारण शोधशील. रिव्हॉल्वर सहसा अडकत नाही, हा एक गुण मात्र खरा.

इकडेही बायकांसाठी म्हणून २०१४ साली कानपूरच्या कारखान्याने 'निर्भीक' काढलं होतं. .३२चं, सहा गोळ्यांचं, किंमत सव्वा लाखाच्या घरात. मंगल विचारायला आली होती, आठवतं? तिला मी परवान्याचा अर्ज, कलेक्टर कचेरीच्या खेपा, ठाण्याची चौकशी, निवडणूक लागली की हत्यार जमा करायची रांग, हे सगळं इतकं रंगवून सांगितलं की तिने शेवटी कुत्रा पाळला. तुला तसं सांगून भागत नाही. तुमच्या टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून एकवीस वर्षांवरच्या माणसाला पिस्तूल जवळ बाळगायला परवानाच लागत नाही. ज्याला कायद्याने हत्यार ठेवायला बंदी आहे तो सोडून, एवढंच. तुमचं ग्रीन कार्ड व्हायच्या आधी हा विषय निघाला असता तर बरं झालं असतं. एच-वन व्हिसावरच्या माणसाला तिथला केंद्राचा कायदा सहसा हत्यार घेऊ देत नाही. तेव्हा मी ग्रीन कार्डासाठी गणपतीला नवस बोललो होतो, आणि आता बघ.

परवाना लागत नसला तरी काढ. त्यासाठी वर्ग करावा लागतो, कायदा शिकवतात, आणि तीन, सात आणि पंधरा यार्डांवरून पन्नास गोळ्यांची परीक्षा असते. ती परीक्षा तुला अवघड नाही. एनसीसीच्या फायरिंगला तू .२२ रायफलने जे ग्रुपिंग केलं होतंस, ते टार्गेट अजून माझ्या ट्रंकेत आहे. पाचही गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकल्या जातील अशा. आमच्या राखीव पोलीस निरीक्षक साहेबांनी ते पाहून विचारलं होतं, 'पोरगी फार्मसीला कशाला घातली?' मी तेव्हा हसलो, पण आठवडाभर ज्याला त्याला तो कागद दाखवत फिरत होतो. तुझ्या आईने शेवटी तो माझ्या हातातून काढून घेतला. असो. नेमाची काळजी मला कधीच नव्हती.

रेंजवर भाड्याने पिस्तुलं मिळतात. दोन्ही चालवून बघ, एकाच दिवशी, रात्रपाळी करून थकलेली असताना. तुझा हात आईसारखा लहान आहे. मूठ हातात धरल्यावर बोटाचं पहिलं पेर चापावर सरळ बसतं का बघ, आणि स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, पूर्ण मागे येते का बघ. घाम आलेल्या हाताने यायला हवी. ग्लॉकला वेगळा सेफ्टी खटका नसतो. चापातच एक बारीक जीभ असते, ती दाबली गेली तरच चाप मागे येतो. म्हणजे चाप सहज दाबला जाणार नाही अशी सोय होल्स्टरनेच, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानानेच, करायची. सिग खटक्याचंही मिळतं. तुझ्या घरात चार वर्षांचं पोर आहे म्हणून मी खटक्याचं घे म्हणेन, पण खटक्यावर विसंबू नकोस. लहान बोटांनाही खटका खाली करता येतो.

बघ, आलाच ओम. नंतर म्हटलं होतं.

गोळ्या सरावाला साध्या, जवळ बाळगायला होलो पॉइंट. आम्ही पोलिसात याला दमदम म्हणायचो, कलकत्त्याजवळच्या त्या कारखान्याच्या नावावरून. १८९९ साली हेगला युद्धात ती वापरायला बंदी झाली, म्हणून मला ती कायम क्रूर वाटायची. पण तिकडचे पोलीसही तीच वापरतात, कारण ती आत शिरल्यावर फुलासारखी उघडते आणि सहसा थांबते. साधी गोळी माणसातून पार होऊन मागच्याला लागते. पार्किंगमध्ये तुझ्यासमोर कोण, त्याच्यामागे कोण, याचा विचार तूच करायचा आहेस. एफबीआयवाले मधे मोठ्या गोळीच्या मागे लागले होते, दहाएक वर्षांपूर्वी ते परत ९ एमएमवर आले. तेव्हा मोठी गोळी घे म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस.

इथपर्यंत झालं तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आता जे फोनवर नीट सांगता आलं नाही ते.

तू म्हणालीस की दुकानात बॅगसुद्धा मिळते, पिस्तुलाचा वेगळा कप्पा असलेली, म्हणजे 'सारखं कमरेला नको'. मृणाल, बॅग नको. डिसेंबर २०१४मध्ये आयडाहोत, हेडन नावाच्या गावच्या वॉलमार्टमध्ये, एक परवानाधारक, चांगली शिकलेली बाई खरेदीला गेली होती. पर्स ट्रॉलीत, पोरगं ट्रॉलीत. पोरगं दोन वर्षांचं. पर्सला खास पिस्तुलाचा चेनचा कप्पा होता. त्याने तो उघडला आणि चाप ओढला. आई जागीच गेली.

तुमचा ओम मे महिन्यात इथे होता तेव्हा झोपाळ्यावर बसून त्याने तुझी पर्स रिकामी केली होती. ओठांचं ते मलम, आयडी कार्ड, पेन, डोकेदुखीची गोळी, गाडीची किल्ली, सगळं झोपाळ्याच्या पाटावर एका रांगेत. मग प्रत्येक वस्तू उचलून 'आजोबा, हे काय?' मी मोठ्या कौतुकाने एकेक नाव सांगत होतो. रात्री ही रांग डोळ्यांसमोर येते आणि झोप लागत नाही.

म्हणून मी तिसऱ्यांदा विचारत होतो आणि तू चिडत होतीस: कमरेवरून काढल्यावर ते कुठे असणार? सगळे विचारतात कोणतं घेतलं, किती गोळ्या बसतात. कोतात आम्ही हे कधी विचारलं नाही. हत्याराचा बट नंबर, कोणाकडे, कधी गेलं, कधी आलं, वहीत सही. हत्यार माणसाच्या अंगावर असतं नाहीतर कुलपात असतं. टेबलावर, उशाखाली, गाडीच्या कप्प्यात, कपाटावर 'त्याचा हात पोचत नाही' अशा जागी ते कधीच नसतं. त्याचा हात पोचतो. तूच खुर्चीवर डबा ठेवून फळीवरची बेसनाची वडी काढायचीस.

आता तुझा दिवस मांडून बघ. पाळीला जाताना तुझ्या अंगावर नाडीचे ते निळे कपडे. पट्ट्याशिवाय होल्स्टर टिकत नाही, पिस्तुलाच्या वजनाने नाडी खाली ओढली जाते. पोटाला बांधायचे रुंद पट्टे मिळतात, ते चालतील, पण चाप कडक कवचाने पूर्ण झाकलेला हवा. बरं, कमरेला लावून गेलीस. टेक्सासात रुग्णालयाच्या इमारतीत लेखी परवानगीशिवाय हत्यार नेणं गुन्हा आहे. पार्किंग इमारतीत धरत नाहीत. नोकरीच्या जागेच्या पार्किंगमध्ये स्वतःच्या कुलूपबंद गाडीत ते ठेवायची मुभा त्यांनी २०११च्या कायद्याने दिली आहे. म्हणजे तू संध्याकाळी ते गाडीत काढून ठेवणार, बारा तास ते गाडीत, आणि सकाळी दमून इमारतीतून बाहेर पडून गाडीपर्यंत चालत येशील तेव्हा ते तुझ्याजवळ नाही. ज्या वाटेवर त्या माणसाने तुला घाबरवलं, त्याच वाटेवर नाही. मग ओमच्या शाळेत जायचं, पुन्हा काढून गाडीत. घरी आलीस, पुन्हा काढायचं. गाडीतली पिस्तुलं तर चोर हुडकतच असतात. आणि कोतातल्या कोणालाही विचार, गोळी चुकून कधी सुटते? लढताना नाही. काढताना, ठेवताना, पुसताना. एका ठाण्यात 'रिकामं आहे' म्हणत फौजदारांनी चाप ओढला होता, भिंतीत भोक पडलं. मॅगझिन त्यांनी काढलं होतं. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी, एक गोळी राहिली होती.

म्हणून 'खाली कर'चा, म्हणजे पिस्तूल रिकामं करायचा, क्रम कधी उलटा करू नकोस. आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे ओढून ती गोळी बाहेर, स्लाइड मागेच अडकव, मग चेंबरमध्ये डोळ्याने बघ, आणि मग करंगळी घालून बघ. आम्ही लाइट गेल्यावर नुसत्या बोटाने बघायचो. आधी स्लाइड ओढलीस आणि मग मॅगझिन काढलंस, तर मधल्या वेळात नवी गोळी चेंबरमध्ये चढलेली असते, आणि तू मात्र समजतेस की झालं रिकामं.

पुन्हा लेक्चर झालं. माफ कर. लेक रात्री दोन वाजता कॅन्सरच्या पेशंटच्या औषधाची मात्रा मोजते, तिला मी मोजायला शिकवतोय. एवढ्या नाजूक कामाला तुला बसवतात, हे मी बँकेत रांगेतल्या अनोळखी माणसालाही सांगतो, तुझी आई लाजते.

मी नको म्हणत नाही. म्हणायचा मला अधिकारही नाही, सचिनराव आणि तुम्ही मिळून ठरवा. तिकडचं जगणं मी पाहिलेलं नाही, चौदाव्या मजल्यावरून नुसते रस्ते पाहिले. पण घेणार असशील तर पिस्तुलाच्या आधी तिजोरी घे. बोटांच्या दाबाने उघडते ती, बिछान्याजवळ भिंतीला नाहीतर लाकडाला बोल्टने बसवायची. गाडीतही छोटी पेटी, वायरदोराने सीटच्या सांगाड्याला बांधलेली. भरलेलं हत्यार सतराच्या आतल्या पोराच्या हाती लागेल असं ठेवणं हाही तिथे गुन्हाच आहे, पण ते मी कायद्यासाठी सांगत नाही. आणि ज्या घरी ओम खेळायला जातो त्या घरी विचार. लाजू नकोस. 'तुमच्याकडे आहे का, आणि कुठे ठेवता?' असं सरळ विचार. तुझ्या घरचं कुलपात असून काय उपयोग, शेजाऱ्याचं उशाखाली असेल तर.

आणि एक राहिलं. रुग्णालयात सुरक्षारक्षक असतात ना? रात्रीच्या पाळीच्या बायकांना ते सांगितल्यावर गाडीपर्यंत सोडायला येतात, असं नंदूकाकांच्या सूनबाईने सांगितलं. ती नर्स आहे, तिकडे न्यू जर्सीला. तू मागितलंस का? का ते मागायला कमीपणा वाटतो? तुझा स्वभाव मला माहीत आहे. त्या माणसाची तक्रार लेखी दिलीस का, गाडीचा नंबर घेतलास का, हेही विचारायचं राहून गेलं, मी पिस्तुलातच अडकलो.

आईचं बरं आहे. दादाच्या गॅलरीतली जास्वंद फुललीय. ओमला सांग, आजोबा विचारत होते सायकलीची घंटा वाजते का.

तुझा,
अण्णा

ता. क. सुरक्षारक्षकाशी बोललीस का, एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर कळव. आमच्या साडेदहानंतर कर, तोवर आई झोपलेली असते.